लसणाची पात झकास, पण गड्ड्यात पाकळ्याच पडत नाहीत, दरवर्षी तेच

सलग दोन सीझन माझ्या वाफ्यात एकच प्रकार झाला. पात गुडघ्याला लागेल एवढी, हिरवीगार, बघणारा म्हणेल काय जोमात आलाय लसूण, आणि काढायला गेलं की हातात येतो एक गोल गुळगुळीत गोळा, छोट्या कांद्यासारखा. पाकळ्या नाहीत म्हणजे नाहीत. एखाद-दुसऱ्या रोपाचं असं झालं असतं तर सोडून दिलं असतं पण अख्खा वाफाच तसा निघाला, आणि चार-पाच महिने रोज पाणी, खुरपणी, सगळं करून असं निघालं की फार जिवाला लागतं. ज्यांचं असं होतंय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण मी ज्या दिशेने कारण शोधत होतो ती दिशाच चुकीची होती. मी खत बघत होतो, आणि खरी गोम थंडीत आणि लागवडीच्या वेळेत होती.

आधी हा गोळा नेमका काय आहे ते बघून घ्या म्हणजे पुढचं सगळं समजेल. एक गोळा सुरीने आडवा कापा. कांदा असता तर एकात एक बसलेली वर्तुळं दिसली असती, इथे तसं नसतं. बाहेर दोन-तीन कोरडे पापुद्रे, मग सलग पांढरा घट्ट गर, आणि बरोबर मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पिवळट-हिरवा कोंब. म्हणजे ती एक मोठी पाकळीच आहे, तुम्ही लावलेल्या पाकळीतून आलेल्या रोपाची एकुलती एक पाकळी. यालाच एककळी लसूण म्हणतात. हा रोग नाही, कीड नाही, बियाणं बाद आहे असंही दरवेळी नसतं. रोपाने गड्डा धरला पण त्याचे भाग पाडले नाहीत, एवढंच.

भाग का पडले नाहीत तर पाकळी म्हणजे मुळात काय, आतल्या पानांच्या बेचक्यात बसलेला डोळा. हे डोळे जागे व्हायला लसणाला दोन गोष्टी ओळीने लागतात, आधी काही आठवडे चांगली थंडी, साधारण 10 अंशांच्या आतबाहेर, आणि त्यानंतर हळूहळू लांबणारा दिवस आणि वाढणारी ऊब. थंडीने डोळे तयार होतात, आणि दिवस लांबला की रोप पानं वाढवायचं थांबवून सगळा माल खाली त्या डोळ्यांत भरायला लागतं. थंडी मिळालीच नाही किंवा मिळाली तेव्हा रोप अगदीच लहान होतं, तर डोळे होतच नाहीत, आणि मग ऊन तापायला लागलं की रोप घाईघाईने जे एक टोक आहे त्यातच माल भरून मोकळं होतं. झाला गोळा.

म्हणून पात किती जोमदार आहे यावर अजिबात जाऊ नका. पात हे नायट्रोजन आणि पाण्याचं काम आहे, पाकळ्या पडणं हे थंडीचं. मी पहिल्या सीझननंतर काय केलं, तर जमीन कमी पडली असेल असं समजून शेणखत दुप्पट घातलं, वर मध्ये दोनदा युरिया टाकला, पात आधीपेक्षा रुंद आणि गडद झाली आणि मी महिनाभर खूश होतो. निघाले तेच गोळे, थोडे मोठे, आणि काहींच्या मानेतून, म्हणजे गड्ड्याच्या वरच्या देठातून, बाजूला नवीनच हिरवे कोंब फुटलेले, त्यावर पुढे येतोच.

तर तुमच्याकडे नेमकं कारण कुठलं, ते स्वतःला विचारत जा.

पहिलं, लागवड कधी केली. बहुतेकांचं इथेच अडतं. थंडी पडल्यावर आठवण होते, मग बेणं, म्हणजे लावायचा लसूण, शोधायचं, मग वाफा करायचा, आणि पाकळी मातीत जाते तेव्हा थंडीचा अर्धा काळ गेलेला असतो. लसणाला थंडी बसायच्या आधी मूळ धरायला तीन-चार आठवडे हवेत. बरं मूळ धरताना वर फारसं काही दिसत नाही, आपल्याला वाटतं काही चाललंच नाहीये, पण खाली पांढऱ्या मुळांचा झुबका होत असतो आणि त्याच्याच जिवावर पुढचा गड्डा भरतो. म्हणजे उन्हाचा चटका ओसरला आणि रात्री गार व्हायला लागल्या की लगेच टोकणी. फार लवकर, माती तापलेली असताना लावलं तर पाकळी कुजते किंवा कोंबच वर काढत नाही, तेही टाळायचं.

दुसरं, पाकळी कुठली लावली. मी पहिल्या वर्षी मोठ्या पाकळ्या स्वयंपाकाला आणि मधल्या बारीक, चपट्या पाकळ्या लागवडीला असं केलं होतं, आणि मला वाटतं खूप घरात असंच होतं कारण मोठी पाकळी मातीत घालायला हात धजत नाही. पण पाकळी म्हणजे रोपाचा पहिल्या दीड-दोन महिन्यांचा डबा आहे. डबा लहान तर रोप लहान, रोप लहान तर थंडी मिळूनही एककळी व्हायची शक्यता जास्त. गड्ड्याच्या बाहेरच्या अंगाच्या, भरलेल्या, जड लागणाऱ्या पाकळ्याच घ्या, बारीक सगळ्या सरळ स्वयंपाकात जाऊ देत.

तिसरं, वाण. लसणाची काही वाणं थंड प्रदेशातली, त्यांना कडक आणि लांब थंडी लागते आणि उन्हाळ्यातला खूप लांब दिवस लागतो, त्यातल्या बऱ्याच वाणांना मधून कडक फुलदांडाही येतो. दुसरी मऊ मानेची, त्यातली बरीच सौम्य थंडीवर आणि कमी लांबीच्या दिवसावरही गड्डा धरतात. खाण्यासाठी आणलेला लसूण लावला तर तो कुठून आला हे कळायला मार्ग नसतो, दिसायला देखणा, मोठ्या पाकळ्यांचा, पण तो तुमच्या हवेचा असेलच असं नाही. शिवाय साठवणीत कोंब येऊ नये म्हणून काही लसणावर विकिरणाची प्रक्रिया केलेली असते, तो नीट उगवतच नाही. लावून तीन आठवडे झाले, माती ओलसर आहे, तरी काही हालचाल नाही तर एक पाकळी उकरून बघा, खालून मुळांचा एकही धागा नसेल तर ते बेणं सोडून द्या. शक्य असेल तर तुमच्यासारख्याच हवेत ज्यांच्याकडे भरलेले, पाकळ्या पडलेले गड्डे निघालेत त्यांच्याकडून बेणं घ्या. हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, मी तर म्हणेन खत-मातीच्या आधी हे.

चौथं, कुंडीवाल्यांसाठी. कुंडी भिंतीला लागून, तापलेल्या गच्चीवर किंवा घरात खिडकीशी असेल तर बाहेर थंडी असूनही त्या पाकळीला ती मिळत नाही. रात्री कुंडी उघड्यावर, आभाळाखाली असायला हवी. खोली निदान 20 सेंटीमीटर, आणि एका कुंडीत गर्दी करू नका, पाकळी ते पाकळी 10-12 सेंटीमीटर. दाटीत लावलेल्या लसणाचे गड्डे लहान राहतात, आणि रोपच लहान राहिलं की परत तेच, एककळी.

आता ज्यांच्याकडे थंडीच कमी पडते त्यांनी काय करायचं. फ्रीज. तिसऱ्या सीझनला मी एकाच ढिगातलं बेणं घेतलं, अर्ध्या गड्ड्यांना सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवलं, अर्धे बाहेर टोपलीत, आणि एकाच वाफ्यात मधे काठी आडवी टाकून दोन्हीकडे एकाच दिवशी लावले. तेच पाणी, तेच खत. काढताना फ्रीजच्या बाजूला बहुतेक गड्डे फुटलेले, सहा-सात पाकळ्यांचे, आणि काठीच्या पलीकडे पुन्हा बहुतेक गोळे. त्या दिवशी दोन्ही ढीग शेजारी शेजारी मांडून मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. दोन वर्षांचं कोडं त्या एका काठीने सोडवलं.

फ्रीजचं करताना या गोष्टी सांभाळा. अख्खा गड्डा ठेवायचा, पाकळ्या सुट्या करून नाही, सुट्या पाकळ्या सुकतात नाहीतर बुरशी धरतात. कागदी पिशवीत ठेवा, हवाबंद डब्यात किंवा प्लास्टिकमध्ये घातलं की आत घाम सुटतो. जागा खालच्या भाजीच्या कप्प्यातली, साधारण 4 ते 8 अंश, फ्रीझरमध्ये चुकूनही नाही. चार ते आठ आठवडे पुरतात. जास्त ठेवलं तर जास्त फायदा असं नाहीये, उलट महिनोन्‌महिने गारठलेलं बेणं लावलं की गड्डा वेडावाकडा होतो, पाकळ्यांनाच पुन्हा पात फुटते. आणि बाहेर काढलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी मातीत गेलं पाहिजे. बाहेर उबेत आठवडा-दोन आठवडे पडून राहिलं तर मिळवलेला थंडीचा परिणाम कमी होतो. म्हणून आधी वाफा तयार करा, मग फ्रीज उघडा. लागवडीची तारीख ठरवून तिथून सहा आठवडे मागे मोजायचं, तो फ्रीजमध्ये ठेवायचा दिवस.

लावताना बूड खाली, शेंडा वर, वरती 3 ते 5 सेंटीमीटर माती. उलटी लागली तरी उगवते पण कोंब खालून वळसा घेऊन वर येतो आणि मान वाकडी, गड्डा बारीक. पाकळीचं साल सोलू नका, ते तिचं संरक्षण आहे. माती भुसभुशीत, पाणी न धरणारी, चिकट असेल तर उंच वाफा करून कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळा, कच्चं शेण नको, त्याने बूड कुजतं. मातीचा सामू (pH) 6 ते 7 चालतो. वर वाळलेल्या पाल्याचं किंवा गवताचं चार-पाच सेंटीमीटर आच्छादन टाकलं की तण कमी आणि ओल एकसारखी राहते. तण मात्र खरंच काढत राहा, लसणाची पानं अरुंद, सावली पाडत नाहीत, त्यामुळे तणाशी त्याचा निभाव लागत नाही.

आता ते मानेतून बाजूला फुटणारे कोंब. हा एककळीचा सख्खा भाऊ वाटतो पण कारण वेगळं आहे. इथे पाकळ्या पडतात पण त्या झोपून राहायच्या ऐवजी लगेच उगवायला लागतात, मान जाड होते, एका रोपातून झुडपासारखी पात निघते, आणि गड्डा उघडा पडतो, साठवता येत नाही. मुख्य कारण उशिरा दिलेलं नायट्रोजन, माझ्या त्या दुसऱ्या युरियासारखं. खताचा सगळा हप्ता पात वाढायच्या काळात, म्हणजे पहिल्या दोन-अडीच महिन्यांत संपवा, गड्डा धरायला लागला की नायट्रोजन पूर्ण बंद. दुसरं कारण, वाफा तडकेपर्यंत कोरडा आणि मग एकदम भरपूर पाणी. तिसरं, बेणं फार काळ फ्रीजमध्ये राहिलेलं. आणि पाकळ्यांमधलं अंतर खूप जास्त असलं तरीही काही वाणांत असं होतं.

गड्डा धरायला लागला हे कसं ओळखायचं, तर रोप उपटायची गरज नाही. बोटाने बुडाजवळची माती अलगद बाजूला करा आणि मानेच्या खाली बोट फिरवा. आधी मान आणि बूड एकाच जाडीचं, कांद्याच्या पातीसारखं सरळ लागतं. गड्डा धरला की बोटाला खाली एकदम पोट आल्यासारखं जाणवतं, आणि पाकळ्या पडत असतील तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्या पोटावर उभ्या खाचा हाताला लागतात, वांग्याच्या नाही पण भोपळ्याच्या फाकांसारख्या, बारीक. पोट गुळगुळीतच राहिलं आणि पानं वरून सुकायला लागली तर समजायचं, यंदा गोळाच आहे. बघून झालं की माती परत लोटून द्या. खात्री करायची तर एक रोप बळी द्यावं लागेल, ते आडवं कापा, मधल्या देठाभोवती चंद्रकोरीसारखे तुकडे दिसले की बाकीच्या वाफ्याची काळजी सोडा.

गोळेच निघाले तर फेकू नका, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पहिल्या वर्षीचे वाया गेले नसते. एककळी खायला उत्तम, सोलायला सोपी. आणि मोठे, निरोगी गोळे वाळवून पुढच्या वर्षी बेणं म्हणून लावा, पाकळीपेक्षा डबा मोठा असल्याने रोप दणकट येतं आणि थंडी नीट मिळाली तर त्याच गोळ्याचा छान पाकळ्या पडलेला गड्डा होतो. फुलदांड्यावर येणाऱ्या बारीक कंदिका लावल्या असतील तर पहिल्या वर्षी गोळाच येणार, तो दोष नाही, त्यांचा तो क्रमच आहे. फुलदांडा येणारं वाण असेल तर दांडा वळायला लागला की मोडून घ्या, माल गड्ड्यात जातो.

पानं पिवळी पडली की लोक घाबरतात म्हणून थोडक्यात. फक्त शेंडे पिवळे, बाकी ठीक, तर बहुतेकदा पाण्याची ओढाताण किंवा थंडीचा फटका, फार मनावर घेऊ नका. पानांवर चंदेरी रेघा, बेचक्यात बारीक हलणारे किडे, हे फुलकिडे, पाण्याचा जोरदार फवारा बेचक्यात मारा, दोन-तीन दिवसांनी परत, राहिलेच तर निंबोळी अर्क. जांभळट मधे आणि पिवळी कडा असे डाग म्हणजे करपा, ती पानं काढून लांब टाका आणि संध्याकाळी पातीवरून पाणी घालणं बंद करा. पण खालपासून सगळं रोप झपाट्याने पिवळं पडून, ओढल्यावर अलगद हातात आलं, मुळं कुजलेली आणि बुडाला कापसासारखी पांढरी बुरशी व त्यात खसखशीएवढे काळे दाणे दिसले तर ती पांढरी कुज, आणि हे मात्र गंभीर आहे. ते काळे दाणे मातीत 20 वर्षांपर्यंत टिकतात. त्या जागी परत लसूण-कांदा नको, रोपं कंपोस्टात नको, आणि तिथलं खुरपं धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका. तसंही निरोगी जागेतसुद्धा लसूण-कांदा तीन-चार वर्षं फिरवत ठेवा.

काढणीचा घोळ वेगळाच. भरपूरजण सगळी पात वाळायची वाट बघतात, कांद्यासारखी, आणि मग फुटलेले, सुट्या पाकळ्यांचे, मातीने भरलेले गड्डे निघतात. लसणाचं प्रत्येक हिरवं पान खाली गड्ड्यावर एका पापुद्र्यात उतरलेलं असतं, पान वाळलं की तो पापुद्रा कुजायला लागतो. म्हणून खालची तिसरा हिस्सा ते निम्मी पानं वाळली आणि वर पाच-सहा हिरवी आहेत अशा वेळी काढायचं. त्याआधी दोन आठवडे पाणी बंद. एक गड्डा काढून बघा, पाकळ्या सालात घट्ट भरलेल्या पाहिजेत, साल जाड आणि ओलं, पाकळ्या सुट्या होत नसतील तर आठवडाभर थांबा. उपटू नका, बाजूने खुरपं घालून माती सैल करा आणि मग उचला, मान तुटली की तो गड्डा टिकत नाही. माती झटकायला गड्डे एकमेकांवर आपटू नका, मार लागलेली पाकळी महिन्याभरात पिवळी पडते. धुवायचेही नाहीत.

वाळवायचं सावलीत, वारं खेळतं अशा ठिकाणी, पातीसकट, जुड्या बांधून टांगून किंवा जाळीवर एका थरात, दोन ते चार आठवडे. कडक उन्हात ठेवलं की पाकळ्या मेणासारख्या पिवळट, अर्धपारदर्शक होतात आणि चव जाते, माझी एक अख्खी जुडी अशी गेलीय. मान चिमटीत धरल्यावर ओल लागली नाही आणि बाहेरचा पापुद्रा कुरकुरला की झालं, दोन-तीन सेंटीमीटर दांडा ठेवून कापा.

आणि खाण्याचा पहिला गड्डा उचलायच्या आधी बेणं बाजूला काढा. सगळ्यात मोठे, नीट पाकळ्या पडलेले, कसलाही डाग नसलेले गड्डे, कारण तुमच्या हवेत, तुमच्या मातीत याला पाकळ्या पडतात हे आता त्याने दाखवून दिलंय. एका पाकळीतून एक गड्डा येतो या हिशोबाने लागतील तेवढे, वर चार जास्तीचे, जाळीच्या पिशवीत घालून कोरड्या जागी टांगा, पिशवीला चिठ्ठी बांधा आणि त्यावर फ्रीजमध्ये कधी ठेवायचं आणि कधी लावायचं या दोन तारखा आजच लिहून टाका. पाकळ्या सुट्या करायच्या त्या लागवडीच्या दिवशीच.